दहावा सूचक

१४ जून २००३, शनिवार

सकाळी सातला बेल वाजली तेव्हा अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी दुपारी एकला केली. मधल्या वेळात किती माणसं येऊन गेली ते अमितला माहीत. अमित माझा पीए, चौथं वर्ष चालू आहे. माणूस आत येण्याआधीच त्याचं काम टाइप होऊन तयार असतं, मी फक्त सही करायची. आज एक्केचाळीस शिफारसपत्रं. आश्रमशाळेत प्रवेश, बदली, विहिरीचं प्रकरण, पुन्हा बदली. पहिल्यांदा आमदार झालो तेव्हा प्रत्येक पत्र वाचायचो. हाडाचा मास्तर, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करायचो. आता वाचत नाही. वाचत बसलो तर संध्याकाळ होते.

शेवटचं पत्र अमितने बोटाने दाबून धरलं. म्हणाला, "हे आजच जायला पाहिजे साहेब. जिल्हाध्यक्षांचा भाचा आहे. डॉक्टर आहे, डोंगरात कुठेतरी टाकलंय त्याला. आईला बरं नसतं, नाशिकजवळ बदली हवीय."

आईचं दुखणं म्हटल्यावर काय बोलायचं? सही केली.

माझी बायको चिमणाबाई परवाच गावी परत गेली. नाशिकचा हा गंगापूर रोडचा फ्लॅट घेऊन तीन वर्षं झाली, पण ती चार दिवसांच्या वर टिकत नाही. लेकीच्या, रोशनीच्या कॉलेजसाठी घेतला असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर गावच्या वाटेवरचा सावळ घाट आता माझ्या कंबरेला सोसत नाही.

२ जुलै २००३, बुधवार

खैरतळ्याला जाऊन आलो. तिथलं आरोग्य केंद्र दीड वर्षापूर्वी माझ्याच हाताने सुरू झालं. भिंतीतल्या फरशीवर माझं नाव, खालच्या दाराला कुलूप. नर्सबाई आठवड्यातून दोनदा येते म्हणे.

चिमाजी बरोबर होता. पहिल्या निवडणुकीत माझ्यासाठी सायकलवर पाडे पालथे घालणारा हाच. त्याला विचारलं, "डॉक्टर कुठाय?"

"बदलून गेला गुरुजी. आठ दिस झालं."

डोकंच फिरलं. गावातल्या फोनवरून आरोग्य खात्याच्या साहेबाला गाठलं. म्हटलं, आमदाराला न विचारता परस्पर डॉक्टर हलवता? इथल्या बायाबापड्यांनी कुठे जायचं? साहेबाने पलीकडे कागद चाळले. मग म्हणाला, "सर, ते... मी बघतो." एकाच्याही तोंडात धड शब्द नसतो. यांच्याशी बोलून बोलून माझा घसा गेला. अधिवेशनात प्रश्न टाकायचं ठरवलं.

जिथे गेलो तिथे माणसं विचारत होती, "बाई नाय आल्या का?" चिमणाबाईला सगळे बाईच म्हणतात. ती असली की सगळ्यांना चहा मिळतो, त्याची सवय झालेली.

तिने एक नवीनच काढलंय. शंभर पानी वही घेऊन पाड्यापाड्यावर फिरते. वहीत गरोदर बायकांची नावं आणि कितवा महिना ते. लग्नानंतर तिला लिहायला मीच शिकवलं. सहीपुरतं येऊ दे म्हटलं होतं. ती काय लिहीत बसलीये.

२२ जुलै २००३, मंगळवार. मुंबई, आमदार निवास

माझा तारांकित प्रश्न लागला. उत्तर छापून आलं: खैरतळे येथील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे हे खरे आहे, कार्यवाही सुरू आहे. उपप्रश्न विचारायला उभा राहिलो तर समोरचे बाक भलत्याच विषयावर घोषणा द्यायला लागले आणि कामकाज तहकूब झालं. मी तसाच उभा. हातात कागद, कागदावर चार ओळी. आठ वर्षांत असा किती वेळा उभा राहिलोय कोणास ठाऊक.

दुपारी खोलीवर फोन आला. चिमणाबाई होती. ती सहसा करत नाही.

"नवसा गेली," म्हणाली.

"कोण नवसा?"

"आपल्या कुसाबाईची सून. खैरतळ्याची. वहीत तिसरं नाव व्हतं."

मग तिने सगळं सांगितलं. सकाळपासून कळा चालू होत्या. केंद्राला कुलूप, म्हणून चौघे तिला झोळीत घालून पेठच्या दवाखान्याच्या वाटेला लागले. हीसुद्धा बरोबर चालत होती. नदीला पाणी होतं. उतरायची वाट बघत बसले. "तवर बोलत व्हती. पानी मागितलं. मंग नाय बोलली. पोर वाचलं, मुलगी हाय."

मी म्हणालो, "उद्या सभागृहात हा मुद्दा मांडतो."

"मांडा," म्हणाली आणि फोन ठेवला.

आज जेवलो नाही. कॅन्टीनमध्ये ताट समोर आलं होतं.

६ ऑगस्ट २००३, बुधवार

सगळं नाशिक कुंभमेळ्याच्या बंदोबस्तात. त्यात सकाळी जिल्हाध्यक्षांचा फोन. "थविल, तुमच्या घरच्या बाई रस्त्यावर बसल्यात. आपलंच सरकार आणि आपल्याच आमदाराची बायको! आवरा जरा." त्यांच्या आवाजाने कानाची पाळी गरम झाली.

द्वारका चौकात गाडी तासभर अडकली. आरोग्याच्या ऑफिससमोर पोचलो तर फुटपाथवर तीसेक बाया. कुसाबाईच्या मांडीवर नवसाची तान्ही मुलगी. चिमणाबाई मधोमध, पदर खोचलेला. मला बघून उठली नाही.

मी हळू आवाजात म्हणालो, "गाडीत चल. गाडीत बोलू."

"नाय. इथंच बोलू." तिने वहीतून एक घडी घातलेला कागद काढला. "आतल्या कारकुनानं दिला. मला समदं लागलं नाय वाचायला. तुम्ही वाचा."

माझं लेटरहेड होतं. खैरतळे आरोग्य केंद्रातून अमुक डॉक्टरांची नाशिकजवळ बदली व्हावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. तारीख चौदा जून.

"सही तुमची हाय का?"

"आहे."

"वाचून केली का न वाचता?"

बाया सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कुसाबाईसुद्धा. सत्तावीस वर्षं या बाईबरोबर संसार केला, तिने मला असं चारचौघांत कधी विचारलं नव्हतं.

"न वाचता," म्हणालो.

"मंग बरं. मी बायांना तेच सांगितलं. वाचून नसंल केली."

तिने कागद घडी करून पुन्हा वहीत ठेवला. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. कोणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मग गाडीत येऊन बसलो. तिने मला वाचवलं की बुडवलं हे अजून कळत नाही. गेल्या महिन्यात त्या साहेबाला फोनवर काय काय बोललो ते आठवलं. त्याच्या टेबलावर तेव्हा हाच कागद असणार.

७ ऑगस्ट

सकाळी कुणालाच भेटलो नाही. अमितला टाइप करू न देता स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. आठ ओळींना तीन तास लागले. "दि. १४ जूनचे माझे शिफारसपत्र मी मागे घेत आहे. ते मी न वाचता दिले होते. त्यामुळे खैरतळे येथे डॉक्टर राहिला नाही."

अमितने ते दोनदा वाचलं. "साहेब, 'न वाचता' तेवढं काढा. असं लेखी कोणी देतं का? आणि अध्यक्षांना काय सांगायचं?"

काढलं नाही. स्वतः नेऊन दिलं. बाया अजून बसलेल्याच होत्या. रोशनी कॉलेजातून परस्पर तिथे आली होती आणि सगळ्यांना केळी वाटत होती. मला पण एक दिलं.

१३ ऑगस्ट २००३

खैरतळ्याला डॉक्टर आली. बाई आहे, लातूरकडची, अगदी तरुण. तिथे राहायला तयार आहे. पेपरात बायांचा फोटो, मधोमध चिमणाबाई. बातमीत माझं नाव नाही. एका अर्थी बरंच झालं.

काम माझ्या पत्रामुळेच झालं, असं अमितचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं. नुसतं बसून सरकार हलत नसतं.

जिल्हाध्यक्षांना तीन वेळा फोन केला. उचलत नाहीत. कुंभमेळ्याच्या कामात असतील.

१२ जानेवारी २००४, सोमवार

दोन दिवस गावी. ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली. मला बघून उठली, रामराम केला आणि पुन्हा बसली. चिमणाबाई पेठला गेली होती, तिची वाट बघत होती म्हणे. मी आत जाऊन आडवा झालो तो थेट दोन तासांनी उठलो. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या एवढी सलग झोप लागली नव्हती. कोणी हाक मारली नाही. गावच्या हवेचा गुण.

येताना तहसीलदार भेटले. कामाचं बोलण्याआधी त्यांनी विचारलं, "मॅडम कशा आहेत? आल्या नाहीत?" चांगल्या घरचा माणूस आहे. आजकाल बायकामाणसांची चौकशी कोण करतं?

१२ सप्टेंबर २००४, रविवार

तिकीट गेलं.

रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराला दिलं. कारण सांगितलं की सर्व्हेत माझा अहवाल वाईट आहे. नऊ वर्षांत मी कधी पक्षाच्या ओळीबाहेर पाय टाकला नाही. एक ते पत्र सोडलं तर, पण त्याला वर्ष होऊन गेलं, ते कोणाच्या लक्षात असणार?

अमितचा फोन दोन दिवस बंद. चिमाजीने सांगितलं की तो नव्या उमेदवाराच्या जीपमध्ये पुढे बसलेला दिसला. रागच आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. टेबलावर त्याने लेटरहेडचा गठ्ठा व्यवस्थित लावून ठेवलाय.

चिमणाबाईला फोन केला. "आता तरी झोपा थोडं," म्हणाली.

१४ सप्टेंबर २००४

हे जसंच्या तसं लिहायचं ठरवलंय.

सकाळी दोन जीप भरून माणसं फ्लॅटवर आली. चिमाजी पुढे, कुसाबाई, बयाबाई, पाच-सहा पाड्यांचे सरपंच. खुर्च्या पुरल्या नाहीत, सगळे फरशीवरच बसले. तिकीट कापल्याची बातमी पोचलेली होती. मला भरून आलं. अपक्ष उभं राहा म्हणायला आलेत हे उघड होतं. मी आतल्या खोलीत जाऊन स्वच्छ सदरा घातला. मनात उत्तरही जुळवलं. तब्येत साथ देत नाही, पण तुमच्या शब्दाबाहेर नाही, असं काहीतरी.

चिमाजीने घसा साफ केला. "गुरुजी, तुमचा मान मोठा. तुम्हाला इचारल्याबिगर नाय करायचं, असं समद्यांनी ठरिवलंय."

"बोल ना."

"बाईंला उभं करायचं म्हंत्यात लोक. अपक्ष."

मी म्हणालो, "कोणत्या बाईंना?"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कुसाबाई म्हणाली, "आपल्या चिमणाबाईंला. त्या म्हंत्यात, आधी गुरुजींला इचारा. तुम्ही नाय म्हनलं तर नाय."

रोशनी चहा घेऊन दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं. म्हणजे तिला माहीत होतं. चिमाजीला माहीत होतं, तहसीलदारांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

"विचार करून सांगतो," म्हणालो. अर्ज घेऊन येणाऱ्यांना नऊ वर्षं हेच वाक्य सांगत आलो.

ते गेल्यावर कळलं की सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात लावली होती.

१७ सप्टेंबर २००४, शुक्रवार

जिल्हाध्यक्षांचा फोन, वर्षाने. आवाजात मध. "थविलसाहेब, झालं गेलं विसरा. निवडणूक झाली की महामंडळाचं अध्यक्षपद तुमचं. लाल दिवा, मुंबईत ऑफिस. दगदग नाही. फक्त घरच्या बाईंना जरा समजावा. त्या उभ्या राहिल्या तर मतं फुटतील."

विचार करून सांगतो म्हणालो.

खोटं कशाला लिहू, मोह झाला. दगदग नाही हे दोन शब्द दिवसभर कानात होते. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, पण साठीचा दिसतो. चिमणाबाई हरली तर लोक मला हसतील. जिंकली तर त्याहून जास्त हसतील, असं वाटतं. हे वाटणं चांगलं नाही, पण वाटतं.

जेवताना रोशनी म्हणाली, "बाबा, तुम्हाला आईचा राग आलाय?"

"नाही गं. दमलोय."

"ती पण दमते. काल बारा किलोमीटर चालली."

"मग कशाला उभी राहते?"

"ती कुठे राहतेय? लोक करतायत. ती तर तुमच्या हो-नाहीची वाट बघतेय. तुमचं मन दुखवून काही करणार नाही म्हणाली."

मी ताटातली भाजी इकडची तिकडे केली. माझं मन शेवटचं कधी कोणी विचारात घेतलं होतं, ते आठवत बसलो. मग चिमणाबाईला फोन लावला. महामंडळाचं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "भर अर्ज."

ती म्हणाली, "मनापासून म्हंताय?"

"अजून नाही. पण भर."

२२ सप्टेंबर २००४, बुधवार

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दुपारी तीनपर्यंत. मी जाणार नव्हतो. माझं तिथे काय काम? मी गेलो तर लोक म्हणतील नवराच चालवतो सगळं. न गेलो तर म्हणतील रुसलाय. शेवटी अकराला निघालो.

तहसील कचेरीसमोर चिंचेखाली दीड-दोनशे माणसं होती. बहुतेक बाया. ठेकेदाराची मिरवणूक सकाळीच ढोलताशे वाजवून गेली होती. जमिनीवर गुलाल पडला होता. आमच्या माणसांनी भाकरी बांधून आणल्या होत्या.

आत गडबड झाली होती. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात, दहा सह्या. दहावी गोजराबाई. ती सोमवारी विंचूरला कांद्याच्या चाळीवर मजुरीला गेली ती परत आलीच नव्हती. मुकादम सोडत नाही, असा निरोप. दुसरं कोणी उभं करायचं तर मतदार यादीतला अनुक्रमांक पाहिजे. बयाबाईच्या बहिणीचं नाव यादीत सापडत नव्हतं, आणखी दोघांची भलत्याच आडनावाने लागलेली. गावोगावच्या याद्या धुंडाळता धुंडाळता सव्वादोन वाजले होते. चिमणाबाई बाकावर बसून वहीतली पानं उलटत होती. त्या पानांत असल्या वेळी काय सापडणार?

चिमाजी माझ्याकडे बघत होता. मला कोणी सही मागितली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. एवढी वर्षं रोज चाळीस-चाळीस जणांनी मागितली, आणि आज समोर माणसं अडून बसली होती तरी एकानेही मागितली नाही.

मी टेबलाशी गेलो. कारकुनाला म्हटलं, "माझं नाव गावच्याच यादीत आहे. नाशिकला बदलून घ्यायचं राहून गेलं. बघा."

त्याने यादी काढली. नाव होतं. त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला आणि दहाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथे करा साहेब."

"थांबा. वाचू द्या."

सगळा वाचला. उमेदवाराचे नाव, वय, पत्ता. शिक्षणापुढे तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: घरी शिकले. वर नऊ जणांच्या सह्या आणि अंगठे. कुसाबाईचा अंगठा जरा पुसटला होता. बाहेरून कोणीतरी "दोन चाळीस!" म्हणून ओरडलं, तरी शेवटची ओळ संपेपर्यंत वाचलं. मग सही केली.

परत फिरलो तर चिमणाबाई बघत होती. म्हणाली, "चष्मा घरी इसरलात ना? मंग वाचलं कसं?"

"लांब धरून," म्हणालो.

संध्याकाळी जिल्हाध्यक्षांना फोन केला. विचार झाला, एवढंच सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

१६ ऑक्टोबर २००४, शनिवार

चिमणाबाई हरली. सहाशे बारा मतांनी. ठेकेदार निवडून आला. अमित गुलालात न्हायलेला होता. माझ्याजवळ येऊन त्याने वाकून नमस्कार केला. मीही डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

शेवटच्या फेरीपर्यंत ती पुढे होती. घाटमाथ्याच्या चार गावांनी फिरवलं. तिथे आम्ही पोचलोच नव्हतो, जीपला डिझेल नव्हतं आणि माझी कंबर धरली होती. मी तिथे गेलो असतो तर? हा विचार आता बरेच दिवस पुरेल.

मतमोजणीच्या जागेवरून बाहेर पडलो तेव्हा ती रडली नाही. ठेकेदाराच्या बायकोला ओळखीचं हसली. मग चिमाजीला म्हणाली, "खैरतळ्यावरून घे गाडी. बयाबाईची भाची सकाळी भरती झालीय."

"आज?" मी म्हणालो. "अगं, आज तरी घरी चल. सगळे दमलेत."

"तुम्ही गाडीत पडून ऱ्हावा," म्हणाली.

खैरतळ्याच्या केंद्रात दिवे लागले होते. दार उघडं. ती सरळ आत गेली. मी गाडीत पडून राहिलो नाही. बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. तीन-चार नातेवाईक आधीच बसलेले होते, त्यांनी सरकून जागा दिली. समोर भिंतीत माझ्या नावाची फरशी. तिच्यावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

थोड्या वेळाने एक नर्स बाहेर आली. नवीन दिसत होती, मला ओळखलं नाही. हातात वही. एकेकाला विचारत माझ्यापर्यंत आली.

"तुम्ही पेशंटचे कोण?"

नऊ वर्षं आमदार होतो, त्याआधी बारा वर्षं गुरुजी. तोंडाशी दोन्ही आलं.

"मी चिमणाबाईंचा नवरा," म्हणालो.

"बाईंचे? मग इथे बाहेर काय बसलात? आत या की," म्हणाली. "मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत."